यंत्र कोणाचे, किल्ली कोणाकडे?

संगणक विकत घेणारा मनुष्य त्याचा मालक होतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. पावती त्याच्या नावाची असते, यंत्र त्याच्या मेजावर असते, पासवर्ड त्याने स्वतः ठरविलेला असतो. परंतु गेल्या पंधरा-सोळा वर्षांत बाजारात आलेल्या बहुतेक संगणकांच्या बाबतीत ही समजूत अर्धवट आहे. खरेदीदार ज्या संगणकावर काम करतो, त्याच्या पोटात दुसरा एक लहान संगणक बसविलेला असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, त्याची कार्यप्रणाली वेगळी. मुख्य यंत्र बंद केले तरी वीज मिळत असेपर्यंत तो जागा राहू शकतो. त्याच्यातील आज्ञावली खरेदीदाराला वाचता येत नाही आणि कंपनीच्या सहीवाचून बदलताही येत नाही.

इंटेल या अमेरिकन कंपनीने या अंतर्गत संगणकाला ‘मॅनेजमेंट इंजिन’ असे नाव दिले आहे. २००८ पासूनच्या तिच्या जवळजवळ सर्व संचांत तो आहे. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या चिपमध्येही ‘प्लॅटफॉर्म सिक्युरिटी प्रोसेसर’ नावाचा असाच एक बंदिस्त घटक असतो. मोठ्या सर्व्हरमध्ये दूरस्थ व्यवस्थापनासाठी ‘बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर’ ही स्वतंत्र चिप असते. बँका, रेल्वे, विमा, वीजमंडळे, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या ज्या यंत्रांवर चालतात, त्यांतील फार मोठ्या भागाची ही वस्तुस्थिती आहे. तरीही या प्रश्नाची चर्चा तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच होते. कामगार चळवळीने तो आता आपल्या विषयपत्रिकेवर घेतला पाहिजे.

सोय कोणाची?

कंपन्यांचे समर्थक पहिला मुद्दा मांडतात तो सोयीचा. शेकडो शाखांत हजारो संगणक असलेल्या संस्थेला प्रत्येक बिघाडासाठी माणूस पाठविणे परवडत नाही. म्हणून मुख्यालयात बसलेल्या अभियंत्याला दूरवरून यंत्र सुरू करता यावे, पडदा पाहता यावा, कळफलक चालविता यावा, बिघडलेली कार्यप्रणाली नव्याने भरता यावी. इंटेलच्या ‘ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी’ने, म्हणजे एएमटीने, ही कामे होतात. एएमटी सर्व यंत्रांत नसते. ती मुख्यतः ‘व्हीप्रो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या कार्यालयीन यंत्रांत असते आणि तिची आधी जुळणी करावी लागते. तिचा उपयोग खरा आहे, हे मान्य करण्यास कोणाचीही हरकत नसावी.

पण ही कामे कोणत्या पातळीवरून होतात, याकडे पाहा. १६९९२ ते १६९९५ या क्रमांकांच्या जोडणीद्वारांवर येणारे संदेश मुख्य कार्यप्रणालीपर्यंत पोहोचतच नाहीत. मधल्यामध्ये तो अंतर्गत संगणकच ते उचलून घेतो. त्या यंत्रावर बसविलेल्या संरक्षक आज्ञावलीला, विषाणुरोधकाला, खुद्द विंडोज वा लिनक्सला त्यांचा पत्ता नसतो. घराच्या दाराला कुलूप लावून मालक निर्धास्त झोपावा आणि जोत्याखालून काढलेल्या भुयाराचा नकाशा गवंड्याकडेच राहावा, असा हा प्रकार आहे.

शिवाय ही सोय यंत्रासमोर बसून राबणाऱ्या कर्मचाऱ्याची नाही. ती व्यवस्थापनाची आहे. पडदा पाहण्यापूर्वी कर्मचाऱ्याची संमती विचारायची की नाही, हेही पूर्ण अधिकाराच्या पद्धतीत व्यवस्थापनच ठरवू शकते. जी शक्ती दुरुस्ती करते तीच पाळत ठेवू शकते; फरक पडतो तो ती कोणाच्या हाती आहे यामुळे. कार्यालयाचे यंत्र घरी नेऊन काम करण्याची प्रथा २०२० नंतर रूढ झाली, तेव्हा ही शक्ती कामगाराच्या उंबरठ्याच्या आत येऊन पोहोचली.

‘अभेद्य’ यंत्रणेचा इतिहास

समर्थकांचा दुसरा मुद्दा असा की, ही यंत्रणा सुरक्षिततेसाठीच बांधलेली आहे, ती गुप्त आहे म्हणून सुरक्षित आहे. याला इतिहासानेच उत्तर दिले आहे.

२०१७ सालच्या १ मे रोजी, कामगारदिनीच, इंटेलला जाहीर करावे लागले की, एएमटीच्या ६ ते ११.६ या आवृत्त्यांत गंभीर दोष आहे. दोषाचे स्वरूप ऐकून शाळकरी मुलालाही हसू येईल. आगंतुकाने पाठविलेले उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून पाहताना, किती अक्षरे ताडायची हे आगंतुकाच्याच उत्तराच्या लांबीवरून ठरविले जात होते. साहजिकच ज्याने रिकामे उत्तर पाठविले, त्याचे शून्य अक्षर शून्य अक्षराशी तंतोतंत जुळले आणि दार उघडले. पासवर्ड कितीही बिकट असो, काही न सांगणाऱ्याला संपूर्ण प्रवेश! सुमारे सात वर्षे हा दोष जगभरच्या कार्यालयांत मुकाट नांदत होता. संहिता खुली असती तर तो इतकी वर्षे टिकला असता काय?

त्याच वर्षी जून महिन्यात मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केले की, ‘प्लॅटिनम’ या नावाने ओळखली जाणारी हेरटोळी एएमटीच्याच मार्गाने फाइली हलवीत आहे. या टोळीचे लक्ष्य दक्षिण आणि आग्नेय आशियातील सरकारी संस्था होत्या. तिने कोणताही दोष वापरला नव्हता. अधिकाऱ्याचा परवाना हाती आल्यावर यंत्रणेची नियमित सोयच तिने वापरली, आणि म्हणूनच संगणकावरील पहारेकऱ्यांना ती दिसली नाही. नोव्हेंबरात मॅनेजमेंट इंजिनमध्येच आणखी दोष निघाले. मार्क एर्मोलोव आणि मॅक्सिम गोर्याची या संशोधकांनी त्यांतून अंतर्गत संगणकात आपली आज्ञावली चालवून दाखविली. जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या फिनिश कंपनीने दाखविले की, अनेक लॅपटॉपांत एएमटीचा मूळ पासवर्ड ‘ॲडमिन’ हाच राहिलेला असतो; ज्याला असे यंत्र मिनिटभर हाताळायला मिळते, तो पुढे दूरवरून त्यात शिरू शकतो.

सर्व्हरची कथा याहून निराळी नाही. एचपीच्या ‘आयएलओ ४’ या व्यवस्थापन चिपमध्ये २०१७ साली असा दोष आढळला की, ‘ए’ हे एकच अक्षर एकोणतीस वेळा पाठविले की ओळखपडताळणी कोसळत असे. २०२१ च्या अखेरीस इराणमधील संशोधकांनी याच चिपच्या फर्मवेअरमध्ये दडून राहणारी आणि सर्व्हरच्या डिस्का पुसणारी घातक आज्ञावली उघडकीस आणली. मार्च २०२५ मध्ये अनेक उत्पादक वापरतात त्या एएमआय कंपनीच्या व्यवस्थापन आज्ञावलीत ओळखपडताळणी टाळता येणारा दोष जाहीर झाला. त्याला धोक्याच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले. जूनमध्ये अमेरिकन सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात असल्याची नोंद केली.

हे दोष दुरुस्त झाले, असे सांगितले जाईल. दुरुस्ती कंपनीने प्रसिद्ध केली हे खरे. पण ती मदरबोर्डाच्या उत्पादकामार्फत ग्राहकापर्यंत यावी लागते. जुन्या यंत्रांसाठी ती अनेकदा येतच नाही, आणि आपल्या देशात सहकारी पतपेढीपासून तालुका कचेरीपर्यंत जुनीच यंत्रे चालतात.

विद्यापीठाचे ज्ञान, कंपनीचे कुलूप

या अंतर्गत संगणकाच्या २०१५ पासूनच्या आवृत्त्यांत कोणती कार्यप्रणाली आहे, हे संशोधकांनी २०१७ साली शोधून काढले. ती होती ‘मिनिक्स’. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी ती मूळ रचली आणि तिची संहिता जगाला खुली ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिले. आपली प्रणाली इतक्या यंत्रांत गेली आहे हे त्यांना वृत्तपत्रांतून कळले होते. कंपनीने सांगण्याचे सौजन्यही दाखविले नव्हते. परवान्याच्या शब्दांनुसार कंपनीवर तसे बंधन नव्हते, हे खरे. परंतु या घटनेचा अर्थ कायद्याच्या पलीकडचा आहे. विद्यापीठात सर्वांसाठी निर्माण झालेले ज्ञान मक्तेदारीने फुकट घेतले, त्याला कुलूप लावले, आणि त्याच ज्ञानाचे यंत्र जगाला विकून त्यात डोकावण्यास जगाला मनाई केली.

एका ग्राहकासाठी दार बंद होते!

तिसरा मुद्दा सर्वांत निर्णायक म्हणून पुढे केला जातो: मॅनेजमेंट इंजिन यंत्राच्या रचनेचाच भाग आहे, ते बंद करता येत नाही. एएमटी बंद करता येईल. तिच्याखालचे इंजिन नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये या युक्तिवादाचा बुरखा फाटला. पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या संशोधकांना फर्मवेअरमध्ये कोठेही जाहीर न केलेली एक खूण सापडली. ती लावली की यंत्र सुरू होण्याचे प्राथमिक काम आटोपल्यावर इंजिन थांबते. त्या खुणेच्या नावात ‘हॅप’ ही अक्षरे होती. ‘हाय ॲशुरन्स प्लॅटफॉर्म’ हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेशी, म्हणजे एनएसएशी, निगडित कार्यक्रम होय. इंटेलने खुलासा केला तो असा की, अमेरिकन सरकारच्या या कार्यक्रमाची चाचणी घेणाऱ्या ग्राहकांसाठी उत्पादकांच्या विनंतीवरून हा बदल केला होता. त्याची तपासणी मर्यादितच झाली असून तो अधिकृत नाही.

या खुलाशात सारे काही आले. बंद करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. अमेरिकन राज्ययंत्रणेच्या चिंता दूर करण्यासाठी ते केले गेले. उरलेल्या जगाला मात्र त्याचा सुगावा लागू दिला नाही. ज्या एनएसएचे कारनामे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ साली चव्हाट्यावर आणले, तिलाच आपल्या यंत्रात हे इंजिन चालू नको होते! ही यंत्रणा मुद्दाम हेरगिरीसाठी बसविली, असा पुरावा पुढे आलेला नाही. इंटेलने तर आपण चोरवाटा ठेवीत नसल्याचे वारंवार म्हटले आहे. आमचे म्हणणे त्यावर अवलंबूनही नाही. किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न किल्लीधारकाच्या शपथेने सुटत नसतो.

‘निर्दोष माणसाला भीती कसली?’

असे विचारणारे आपल्या देशातही पुष्कळ आहेत. त्यांनी २० डिसेंबर २०१८ चा केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश आठवावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती अडविण्याचे, पाहण्याचे आणि उलगडण्याचे अधिकार त्याने दिले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी जाहीर केले होते. त्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांतली ही गोष्ट. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा सरकारकडेच ठेवली.

महाराष्ट्रातील वाचकांना यापुढचे उदाहरण सांगण्याची गरज नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात संगणकांतून मिळालेल्या फाइलींच्या आधारे माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली. फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात वारले. बचावपक्षाच्या विनंतीवरून तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटले की, रोना विल्सन यांच्या लॅपटॉपात दूरनियंत्रणाची आज्ञावली घुसवून त्या मार्गाने कागदपत्रे ठेवण्यात आली. तपासयंत्रणेला हे मान्य नाही आणि त्याचा निवाडा न्यायालयातच व्हायचा आहे. तेथे सांगितलेली आज्ञावली साध्या सॉफ्टवेअरची होती, चिपमधल्या यंत्रणेची नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. परंतु धडा दोन्हींना लागू आहे. ज्या देशात संगणकातील एक फाइल माणसाचे स्वातंत्र्य हिरावू शकते, त्या देशात मालकाच्या नकळत त्या संगणकात कोण लिहू शकतो, हा नागरिकाच्या जीविताचा प्रश्न आहे.

झेंडा बदलून भागणार नाही

परदेशी चिप वाईट आणि स्वदेशी चांगली, एवढ्यावर समाधान मानणे ही दिशाभूल ठरेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनच्या सायबर सुरक्षा संघटनेने इंटेलच्या उत्पादनांची चौकशी मागितली, त्यात मॅनेजमेंट इंजिनचा उल्लेख होता. मे २०२५ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये निर्यात होणाऱ्या प्रगत चिप कोठे आहेत हे चिपनेच सांगावे, अशी सक्ती करणारे विधेयक आले. जुलैअखेर चीनने एनव्हिडिया कंपनीला चोरवाटांबाबत जाब विचारला. कंपनीने आरोप नाकारला. दूरवरून यंत्रावर हात ठेवण्याची इच्छा आता राज्यकर्ते उघड बोलून दाखवीत आहेत.

आपल्याकडे आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर उभे राहिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र आज्ञासंच खुला असला म्हणजे त्यावर बांधलेली चिप आणि तिचे फर्मवेअर खुले असतेच असे नाही. परदेशी कुलूप काढून त्या जागी स्वदेशी मक्तेदाराचे किंवा गृहखात्याचे कुलूप लावले, तर जनतेच्या हाती काय आले?

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात:

१. अमेरिकन सरकारसाठी जी खूण ठेवली, ती प्रत्येक खरेदीदाराला अधिकृतपणे आणि कागदोपत्री उपलब्ध झाली पाहिजे.

२. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीत अंतर्गत यंत्रणा बंद करण्याची सोय आणि फर्मवेअरच्या संहितेची सार्वजनिक संस्थांकडून तपासणी या अटी असल्या पाहिजेत.

३. यंत्र वापरात आहे तोवर सुरक्षिततेची दुरुस्ती पुरविण्याची कायदेशीर जबाबदारी उत्पादकावर असली पाहिजे.

४. कर्मचाऱ्याच्या यंत्रात दूरस्थ व्यवस्थापन चालू आहे काय, ते कोण आणि केव्हा वापरतो, याची लेखी माहिती संघटनेला मिळाली पाहिजे. संमतीवाचून पडदा पाहण्यास बंदी असली पाहिजे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. बँक, विमा, वीज आणि टपाल क्षेत्रांतील संघटनांत संगणक जाणणारे सभासद आहेत. एएमटी गरजेची नसेल तेथे ती बंद करणे, ‘ॲडमिन’ हा पासवर्ड बदलणे, फर्मवेअर अद्ययावत करणे, सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपा सार्वजनिक जाळ्यापासून तोडून वेगळ्या जाळ्यावर ठेवणे ही कामे आजही करता येतात. पण हे भुयाराच्या तोंडावर दगड ठेवण्यासारखे आहे. भुयार बुजविण्याचे काम त्याने होत नाही.

यंत्राला आमचा विरोध नाही. यंत्र हे मानवी श्रमाचे आणि बुद्धीचे फळ आहे. विरोध आहे तो, राबणाऱ्याने वापरायचे आणि मक्तेदाराने राखायचे, या व्यवस्थेला. ज्याचे यंत्र त्याच्याकडे किल्ली, एवढी साधी गोष्ट मागण्यासाठी संघटित व्हावे लागते, यातच आजच्या व्यवस्थेचे स्वरूप उघड होते. तेव्हा या प्रश्नावर संघटित होण्यास विलंब करून चालणार नाही.