एक पॅड आणि घरातले चार फोन

पालघर किंवा बोईसर स्थानकावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाजवळ दोन वस्तू हमखास असतात : जेवणाचा डबा आणि मोबाइल. एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या आणि मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांचा दिनक्रम त्यांच्या वेळापत्रकाशी बांधला गेला. आज प्रवासाचे तिकीट, दुकानदाराला द्यायचे पैसे, कार्यालयाचे निरोप आणि घरी एकट्या राहिलेल्या आईवडिलांची विचारपूस ही सारी कामे त्या मोबाइलवरच होतात. अशा माणसाने रात्री फोन वायरलेस चार्जिंग पॅडवर ठेवावा आणि पहाटे उचलून पाहावे तो बॅटरीत जेमतेम नऊ टक्के शिल्लक असावेत, हा प्रसंग ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. परंतु त्या दिवसाची सारी घडी त्याने विस्कटते. पुष्कळदा अशा वेळी पॅड बिघडलेला नसतो आणि फोनही उत्तम स्थितीत असतो. त्या दोघांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा बसतो हे एकदा समजून घेतले, तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

वायर न जोडता वीज फोनमध्ये जाते कशी, याचे मूळ तारापूर परिसरातील वाचकांना फार लांब शोधावे लागत नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. भारतातील ते पहिले अणुवीज केंद्र. तेथे अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ होते, वाफेच्या जोराने टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेल्या जनित्रात फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत वीज निर्माण करते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. रस्त्याच्या कडेला असलेल्या महावितरणच्या रोहित्रातही हाच नियम काम करतो. रोहित्रात दोन वेटोळी असतात. ती तारेने एकमेकांना जोडलेली नसतात, तरी एकातील वीज चुंबकीय क्षेत्राच्या द्वारे दुसऱ्यात पोहोचते.

चार्जिंग पॅड म्हणजे असेच एक चिमुकले रोहित्र, दोन भागांत विभागलेले. एक वेटोळे पॅडच्या पोटात असते आणि दुसरे फोनच्या पाठीमागील काचेखाली. घरातील विजेची दिशा सेकंदाला ५० आवर्तने करते. पॅड तिचे रूपांतर करून आपल्या वेटोळ्यात सेकंदाला लाखाहून अधिक आवर्तने घडवतो, म्हणून इतक्या लहान वेटोळ्यांतून उपयोगी पडेल इतकी शक्ती जाऊ शकते. रस्त्यावरील रोहित्रात दोन्ही वेटोळी लोखंडी गाभ्यावर कायमची पक्की बसविलेली असतात. पॅडच्या बाबतीत ते काम रोज रात्री झोपेने जड झालेला हात करतो. फोन मध्यभागापासून थोडा सरकला तर चार्जिंग मंदावते, अधिक सरकला तर थांबते. मध्यरात्री संदेश आला, फोन थरथरला आणि गुळगुळीत पॅडवरून बोटभर घसरला, तरी सकाळी नऊ टक्क्यांचा अनुभव येऊ शकतो.

स्थानाइतकाच महत्त्वाचा असतो दोन्ही यंत्रांमधील संवाद. फोन पॅडवर ठेवताच तो आपली ओळख देतो, किती शक्ती हवी ते कळवतो आणि चार्जिंग चालू असताना वेळोवेळी ‘वाढव’, ‘कमी कर’, ‘थांब’ अशा सूचना देत राहतो. या संवादासाठी समान भाषा लागते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम या कंपन्यांच्या संघाने ती भाषा ठरवली आणि तिला चिनी भाषेतील ‘ची’ हे नाव दिले. प्राणशक्ती असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजीत हा शब्द क्यू आणि आय या दोन अक्षरांनी लिहितात. आरंभी काही वर्षे दुसरी एक पद्धतही स्पर्धेत होती. २०१५ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ६ मध्ये ही सोय अंगभूत आली, २०१७ मध्ये ॲपलने आयफोन ८ आणि आयफोन १० साठी ‘ची’ स्वीकारली आणि त्यानंतर स्पर्धा संपल्यातच जमा झाली.

भाषा एक झाली तरी प्रत्येक कंपनीने आपली बोली राखली. सर्वांना समजणारा किमान व्यवहार ५ वॉटचा आहे. त्यापुढील वेग मिळेल की नाही, हे समोरासमोर कोणता फोन आणि कोणता पॅड आहे यावर ठरते. येथेच घरोघरी घोटाळा होतो.

बोईसरमधील एखादे चौकोनी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे. त्यांच्याकडे गॅलेक्सी ए मालिकेतील किंवा रेडमी नोट प्रकारातील मध्यम किमतीचा फोन. मुलाकडे आयफोन, सुनेकडे गॅलेक्सी एस मालिकेतील फोन आणि मुलीकडे वनप्लस. मुलाने हौसेने एक पॅड आणून दिवाणखान्यात ठेवला आणि आता वायरींचा गुंता संपला असे जाहीर केले.

वडिलांनी फोन ठेवला, काहीच घडले नाही. त्यांच्या फोनच्या पाठीमागे वेटोळेच नाही, त्यामुळे जगातील कोणताही पॅड त्याला वीज देऊ शकत नाही. भारतात मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या मध्यम आणि कमी किमतीच्या फोनांपैकी बहुतेकांची स्थिती हीच आहे. यात फोनला अपाय काही होत नाही. व्यर्थ जाते ती रात्र. अशा फोनांसाठी कव्हरखाली चिकटवायची वेटोळ्याची पातळ पट्टी मिळते, पण तिची पिन चार्जिंगच्या छिद्रात कायम अडकून राहते आणि वेगही बेताचाच असतो.

मुलाचा आयफोन चार्ज होऊ लागला. आयफोन ८ आणि त्यापुढील जवळजवळ सर्व फोनांत ही सोय आहे. मात्र साध्या ‘ची’ पॅडवर आयफोन अधिकाधिक ७.५ वॉट घेतो. २०२० मध्ये आलेल्या आयफोन १२ पासून पाठीमागे चुंबकांचे वर्तुळ बसविले गेले. मॅगसेफ नावाच्या चुंबकी चार्जरवर फोन आपोआप नेमक्या जागी चिकटतो आणि साध्या पॅडपेक्षा अधिक शक्ती घेतो. त्यातही अपवाद आहे : आयफोन १६ ई मध्ये वायरलेस चार्जिंग आहे, चुंबक नाहीत.

सुनेचा गॅलेक्सी एस सॅमसंगच्या स्वतःच्या वेगवान पॅडवर साध्या पॅडहून पुष्कळ लवकर भरतो. मुलीच्या वनप्लसची कथा अधिक गुंतागुंतीची. वनप्लस १२ कंपनीच्या स्वतःच्या खास चार्जरवर ५० वॉटपर्यंत वेगाने भरतो. अन्य कंपनीच्या पॅडवर तो वेग मिळत नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या वनप्लस ११ मध्ये तर वायरलेस चार्जिंग दिलेलेच नव्हते. म्हणून कंपनीचे नाव पुरेसे नाही, नेमके मॉडेल पाहावे लागते.

या भिन्न बोली जवळ आणण्यासाठी २०२३ मध्ये ‘ची २’ हे नवे मानक आले. मॅगसेफमधील चुंबकी वर्तुळाची कल्पना त्यात सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि १५ वॉटचा वेग सर्वसामान्य ठरला. २०२५ मध्ये त्याची २५ वॉटची आवृत्तीही जाहीर झाली. मात्र मानक आले म्हणून जुना फोन बदलत नाही. गॅलेक्सी एस २५ सारख्या फोनात स्वतःचे चुंबक नाहीत. चुंबक असलेले कव्हर घातल्यावरच तो अशा पॅडवर नीट चिकटतो.

पॅड आणि फोन जुळले तरी तिसरा घटक उरतो, तो भिंतीवरचा ॲडॉप्टर. अनेक पॅड ॲडॉप्टरविना विकले जातात आणि घरात पडलेला जुना ५ वॉटचा ॲडॉप्टर त्याला लावला जातो. पंधरा वॉटच्या पॅडला साधारणतः २० वॉटचा, पॉवर डिलिव्हरी प्रकारचा टाइप-सी ॲडॉप्टर लागतो. कारण वाटेत बरीच शक्ती उष्णतेत जाते. तिघांत जो दुबळा, त्याच्याच वेगाने काम चालते. आजच्या सर्वसाधारण ५००० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. पाच वॉटच्या वेगाने रिकामी बॅटरी भरायला हिशेबाने चार तास आणि प्रत्यक्षात पाचांहून अधिक लागतात. रात्री बाराला घरी पोहोचून पहाटे चारला उठणाऱ्याचे गणित येथेच चुकते. त्याने घाईच्या रात्री वायरच लावावी, हे शहाणपणाचे.

किनारपट्टीच्या हवामानाचाही विचार हवा. वायरलेस चार्जिंगमध्ये फोन वायरीपेक्षा अधिक तापतो आणि उष्णता हा लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू. एप्रिल-मेच्या उकाड्यात खिडकीतील उन्हात, उशीखाली किंवा गादीवर पॅड ठेवू नये. फोन फार तापला तर आयफोनसारखे फोन ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग रोखून धरतात. तो बिघाड नसून बॅटरीचे रक्षण असते. पावसाळ्यात मात्र पॅड उपकारक ठरतो. स्थानकापासून घरापर्यंत भिजत आलेल्या फोनचे छिद्र ओलसर असते आणि अनेक फोन ‘ओलावा आहे’ अशी सूचना देऊन वायरीने चार्ज होण्यास नकार देतात. अशा वेळी फोनची पाठ कोरडी पुसून तो पॅडवर ठेवला, तर छिद्र आपोआप वाळेपर्यंत तातडीचे काम भागते.

सुरक्षिततेचे दोन नियम घरातील प्रत्येकाला ठाऊक असावेत. पहिला नियम : फोन आणि पॅड यांच्यामध्ये धातू असू नये. नाणे, किल्ली, टाचणी, गाडीतील चुंबकी होल्डरसाठी कव्हरमागे चिकटवलेली लोखंडी चकती, बोटात अडकवायची रिंग यांपैकी काहीही मध्ये आले, तर ते तापते. चांगला पॅड परकी वस्तू ओळखून थांबतो. फार स्वस्त, अप्रमाणित पॅडचा असा भरवसा धरता येत नाही. पाकिटासारख्या कव्हरमध्ये ठेवलेली बँकेची व ओळखीची कार्डेही आधी काढून ठेवावीत, अन्यथा ती निकामी होण्याचा संभव असतो.

दुसरा नियम घरातील वृद्धांसाठी आहे आणि तो अधिक महत्त्वाचा. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसविलेले आहे, त्यांच्यापासून चुंबकी फोन व चार्जर दूर असावेत. फोन व मॅगसेफ वस्तू अशा उपकरणापासून १५ सेंटीमीटरहून अधिक आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटीमीटरहून अधिक अंतरावर ठेवाव्यात, अशी ॲपलची सूचना आहे. शर्टाच्या डाव्या खिशात फोन ठेवण्याची सवय आणि उशाशी पॅड ठेवण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी अशा घरात सोडाव्यात. काही शंका असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

वीजबिलाची काळजी मात्र फारशी करू नये. पॅडवर रोज दहा वॉट-तास अधिक वाया गेले असे धरले, तरी वर्षाला चार युनिटांपेक्षा कमीच होतात.

खरेदीपूर्वी क्रमाने तीन गोष्टी पाहाव्यात. प्रथम फोनचे नेमके मॉडेल आणि त्यात वायरलेस चार्जिंग आहे की नाही. मग पॅडवर ‘ची’चे अधिकृत चिन्ह, प्रमाणित उत्पादनांची यादी वायरलेस पॉवर कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. शेवटी ॲडॉप्टरची क्षमता आणि त्यावरील भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. घरातील एकाच फोनाला उपयोग होणार असेल तर तीन फोनांसाठी ठेवता येईल असा महागडा स्टँड घेण्याचे कारण नाही. गरजेपुरती एक वस्तू घ्यावी आणि जुने, तुटलेले चार्जर कपाटात साठवण्याऐवजी ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत.

हे सारे पाहून घेतलेला पॅड ज्येष्ठांच्या फार उपयोगी पडतो. हात थरथरतो, दृष्टी अधू झालेली असते, पिन उलटसुलट करूनही छिद्रात बसत नाही आणि दर संध्याकाळी कोणाला तरी हाक मारावी लागते. पेसमेकर नसेल आणि फोन चुंबकी असेल, तर पॅडजवळ नेताच तो आपल्या जागी बसतो. आजीला कोणाची वाट पाहावी लागत नाही. फोन चुंबकी नसल्यास पॅडवर फोनच्या आकाराची खूण करून द्यावी. फोन ठेवल्यावर पडद्यावर चार्जिंगची खूण उमटली की नाही, एवढे मिनिटभर थांबून पाहण्याची सवयही लावावी. मग मुंबईला गेलेल्या मुलाने दुपारी घरी फोन केला, तर तो लागेल.