आवलीचा वारसा

कीर्तनात तुकोबांच्या संसाराचा विषय निघाला की आवली येते, आणि ती आली की मंडपात हशा पिकतो. कजाग, तोंडाळ, विठ्ठलाला शिव्या घालणारी बायको. भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा मोडतो, तर त्या काट्यावरच्या तिच्या त्राग्यालाही लोक हसतात. या हसण्यामागे एक घट्ट समजूत आहे. काम वेगळं, संसार वेगळा. काम मागे उरतं, संसार विरून जातो. आणि थोर माणूस तोच, जो पहिल्यासाठी दुसऱ्यावर पाणी सोडतो. ही समजूत मला साफ अमान्य आहे, आणि ती खोडून काढायला तुकोबांचंच घर पुरेसं आहे.

ज्या घरात आवली नांदली त्या घरात 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने तुकोबांची पहिली बायको रखमा अन्नावाचून गेली होती. त्या घरात भाकरी हा विनोदाचा विषय असूच शकत नव्हता. तिच्या रागामागे ती भूक आहे, आणि राग असतानाही ती डोंगर चढत राहिली, ही त्या कथेतली खरी गोष्ट आहे. पुढे 1650 च्या सुमारास तुकोबा गेले. परंपरा सांगते की तेव्हा ती गरोदर होती आणि नारायण जन्मला तो वडिलांच्या माघारी. याच नारायणबाबांनी 1685 साली देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुका त्यांच्याशेजारी ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. वारी त्याआधी शतकानुशतकं चालतच होती. पालखी सोहळ्याचं आजचं रूप मात्र तिथून सुरू झालं.

आता विचार करा. ज्याने बापाचं तोंड पाहिलं नाही, त्या मुलाला बाप दिला कुणी? संताजी जगनाड्यांच्या वह्यांत अभंग होते, टाळकरी होते, चुलता कान्होबा होता. त्या सगळ्यांचं देणं मोठंच आहे. पण तान्हं मूल वह्या वाचत नाही. घरात नसलेल्या बापाबद्दल पहिलं काही कळतं ते आईच्या बोलण्यातून, तिच्या आवाजातून, ती त्याचं नाव कसं उच्चारते त्यातून. आवलीच्या मनात नवऱ्याबद्दल नुसता कडवटपणा साचला असता, तर तिचा मुलगा त्याच्या पादुका घेऊन निघाला नसता. आषाढात लाखो माणसं ज्या पालखीमागून चालतात, तिची पहिली वाट त्या बाईच्या घरातून जाते. हा वारसा तिचाही आहे आणि तो तिच्या नावाने सांगितला पाहिजे.

यावर एक आक्षेप लगेच येतो. मग तुम्ही वंशाचीच थोरवी गाता आहात की काय? बापाचा मुलगा, मुलाचा मुलगा, आणि त्यातून आपल्याकडे पसरलेली घराणेशाही? आक्षेप वाजवी आहे, पण पालखीचाच पुढचा इतिहास त्याला उत्तर देतो. रक्ताने आलेल्या हक्कांवरून पुढे तुकोबांच्या वंशजांत वाद झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे काढायला सुरुवात केली. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी असलेले, साताऱ्याकडचे; ज्ञानोबांच्या रक्ताशी त्यांचा काही संबंध नव्हता, असूही शकत नव्हता. आज आळंदीहून निघणारा एवढा मोठा सोहळा एका भक्ताच्या जिव्हाळ्यावर उभा राहिला. रक्ताने हक्क मिळतो, आणि हक्काबरोबर भांडणही येतं. जिव्हाळा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा तो आडनाव विचारत नाही. नारायणबाबांपर्यंतही तो रक्तातून गेला असं मी मानत नाही. तो संगोपनातून गेला.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लोक म्हणतात, प्रेमाचा वारसा दोन पिढ्यांत पुसला जातो. पणजीचं नाव किती जणांना सांगता येतं? पुस्तक उरतं, देवळाची पायरी उरते, शाळेवरची कोनशिला उरते. माया उरत नाही.

नाव उरत नाही, हे शंभर टक्के खरं. आपल्या परंपरेने ते केव्हाच मान्य केलेलं आहे. श्राद्धात पिंड दिले जातात ते बाप, आजा आणि पणजा यांना. त्यापलीकडच्यांची नावं घेतलीच जात नाहीत. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवलेली. म्हणजे कर्मठातल्या कर्मठ विधीनेही माणसाच्या नावाला तीन पिढ्यांची मुदत घालून दिली. आणि त्याच पितृपक्षातल्या महालयात आईकडचे, सासरचे, गुरू, शिष्य, आप्त यांनाही तर्पण असतं. ज्यांनी हे बांधलं त्यांना ठाऊक होतं की माणूस केवळ बापाच्या रेषेतून घडत नाही. त्या विधीवर श्रद्धा असो वा नसो, ही समज मोलाची आहे. चूक आपली होते. नाव गेलं म्हणजे सगळं गेलं, असा हिशेब आपण करतो.

नाव जाऊनही काय राहतं, याचा पुरावा हवा असेल तर जात्यावरच्या ओव्या घ्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियामार्फत कुणालाही ऐकता येतात. ज्यांनी गायल्या त्यांची नावं नोंदली गेली, हे फार चांगलं झालं. पण ज्यांनी त्या पहिल्यांदा रचल्या, त्यांच्यातल्या बहुतेक जणींची नावं कुणालाच सांगता येणार नाहीत. पहाटे आई दळायला बसली की लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, थोडी मोठी झाली की खुंट्याला हात लावायची, आणि हाताबरोबर गळाही चालू लागायचा. सासरी गेली की माहेरची ओवी तिथल्या जात्यावर बसायची, नणंद ती उचलायची, जाऊ तिच्यात आपली ओळ घालायची. गुरू नाही, शाळा नाही, वही नाही. शिकवणारीला आपण शिकवतो आहोत याची जाणीवही नाही. तरी भावाची वाट पाहण्याचं, आई गेल्यावर माहेर परकं होण्याचं, सीतेच्या वनवासाचं बोलणं कित्येक पिढ्या ओलांडून आलं.

आणि ते जसंच्या तसं गोठून आलं नाही. त्याच ओवीत, त्याच चालीत बायकांनी पुढे बाबासाहेब आंबेडकरांना आणलं. रामाच्या जागी भीमराव बसवण्याचं धैर्य ज्या बाईने केलं, तिला चाल मात्र तिच्या आजीनेच दिली होती. वारसा याला म्हणावं: देणारीला ज्याची कल्पनाही नव्हती, ते घेणारीला त्यातून करता आलं. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि तरी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडात ओव्या राहिल्या. दळण्याची गरज संपल्यावरही त्या राहिल्या, कारण त्या आईच्या होत्या.

संस्थेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रेम एकदोघांना पुरतं, संस्था हजारोंना पुरते. मग महाराष्ट्रातली एक मोठी संस्था उलगडून पाहू. धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारली. 1893 मध्ये त्यांनी मित्र नरहरपंत जोशी यांच्या विधवा बहिणीशी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी लग्न केलं. त्या आनंदीबाई झाल्या. गाव त्यांच्यावर उलटलं, आणि तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम उभा राहिला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरली आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेली. 1916 मध्ये महिला विद्यापीठ निघालं. त्याला विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला नाव लागलं ते त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं. एका मित्राची बहीण, तिची बहीण, एका उद्योगपतीची आई. या नात्यांतूनच ती संस्था वाढली. कर्व्यांचा निर्धार त्यामुळे कुठेही लहान होत नाही. पण त्या निर्धाराला ऊब देणारी माणसं कोण होती, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आजच्या घरांविषयी फार लिहायला नको. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक बाप असतोच. तो पहाटे घराबाहेर पडतो आणि रात्री मुलं झोपल्यावर परततो. विचारलं तर म्हणतो, हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय. शेवटी फ्लॅट होतो, जमीन होते, सातबाऱ्यावर वारसनोंद होते, आणि वाटणीच्या दाव्यात भाऊ भावाच्या समोर उभा राहतो. इस्टेट करू नये असं माझं म्हणणं नाही. गरिबीतून वर आलेल्या माणसाने मुलांच्या डोक्यावर छप्पर ठेवून जावं, ही इच्छा पवित्रच आहे. पण त्या छपराखाली ज्याच्याशी कधी निवांत बोलणं झालं नाही, त्या मुलाला बापाकडून कागद मिळतात आणि बाप मिळत नाही. नारायणाला बाप पाहायलाही मिळाला नव्हता, तरी मिळाला. या मुलांना समोर असून मिळाला नाही.

आता माझ्याच म्हणण्यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेप घेतो. नात्यांचा वारसा मोठा म्हटला की तो जपण्याचं काम बायकांच्या गळ्यात पडतं. पुरुष कोनशिलेवर, बाई चुलीपाशी, आणि वरून तिला सांगायचं की खरी थोरवी तुझीच. अशी थोरवी ही फसवणूक आहे. प्रेमाने मागे काही ठेवणं हे इतकं मोठं काम असेल, तर ते पुरुषांनी अंगावर घेतलं पाहिजे आणि बायकांनी केलेल्याची नोंद झाली पाहिजे. या दोन्ही अटी मान्य नसतील, तर माझ्या म्हणण्याला काहीच किंमत उरत नाही.

आणि या अटी पाळणारा पुरुष आपल्याकडे होऊन गेला. जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं. 1840 च्या दशकात नवऱ्याने बायकोपुढे पाटी धरणं म्हणजे काय होतं, याची कल्पना आज आपल्याला येणार नाही. त्यांच्यासाठी लग्न हीच पहिली शाळा झाली, आणि 1848 मध्ये भिडे वाड्यातली मुलींची शाळा त्यानंतर आली. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. तिने धर्माला आणि पेशवाईला जे प्रश्न विचारले, ते विचारायला पाठ्यपुस्तक पुरलं नसतं. आपलं ऐकून घेतलं जाईल ही खात्री तिला कुणीतरी दिलेली होती.

फुले दांपत्याला मूल नव्हतं. वंशाच्या दिव्याचा आग्रह धरणाऱ्या समाजात जोतीरावांवर दुसऱ्या लग्नाचा दबाव आला, तो त्यांनी झुगारला. फसवल्या गेलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेला त्यांनी घरात आसरा दिला आणि 1874 मध्ये तिचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केलं. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तकपुत्राच्या हक्कावर हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि अंत्ययात्रेपुढे धरायचं टिटवं त्यांनी स्वतः धरलं. सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. यशवंतने हडपसरजवळ दवाखाना घातला, आणि प्लेग झालेल्या एका अस्पृश्य मुलाला मुंढव्याहून तिथे पोचवताना सावित्रीबाईंना लागण झाली. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. रक्ताचं नसलेलं मूल आपलं मानणाऱ्या बाईने परक्याचं मूल उचललं, आणि ते ज्याच्याकडे नेलं तोही त्याच मायेने वाढलेला होता.

शेवटच्या आजारपणात जोतीरावांचा उजवा हात पक्षाघाताने निकामी झाला होता. तरी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरं केलं. छापलेलं ते पाहायला ते उरले नाहीत. ज्याच्या हक्काबद्दल चितेपाशी वाद झाला, त्या यशवंतने ते 1891 मध्ये प्रसिद्ध केलं.