समुद्रपुष्पांतलें एकत्र कुटुंब

गेल्या माघांत आम्ही दौलताबादेस भगिनीकडे चार दिवस राहावयास गेलों होतों. किल्ला पाहून, खंदकावरील अरुंद पूल व ती काळोखी ‘अंधारी’ चढून-उतरून थकून घरीं येतों तों धाकटे भाचे दारांतच उभे. “मामा, आमचा मोठा मासा गेला. आतां हा धाकटा एकटा काय करील?”

ओसरीवर काचेच्या पेटींत खारें पाणी भरलेलें होतें व त्यांत बोटभर लांबीचा एक मासा फिरत होता. अंग नारिंगी, त्यावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांस काळी किनार. शहरांतील एका दुकानांतून त्याची जोडी आणली होती. यास विदूषक मासा म्हणतात; २००३ सालच्या चित्रपटापासून मुलें त्याला ‘निमो’ म्हणूं लागलीं आहेत. भाचेरावांचा प्रश्न दिसावयास पोरकट, परंतु त्याचें उत्तर मोठें विलक्षण असल्यामुळें तें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटलें.

हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उबदार, उथळ भागांतील प्रवाळखडक हें या माशाचें माहेर. आपल्या देशांत लक्षद्वीप व अंदमान येथें तो आढळतो. त्याचें घर म्हणजे समुद्रपुष्प. नांव पुष्प असलें तरी तो प्राणी आहे. त्याच्या पाकळ्यांसारख्या तंतूंत विषारी सुयांचे असंख्य कोश असतात. लहानसहान मासा त्यांस लागला कीं लुळा पडलाच. विदूषक मासा मात्र त्यांत खुशाल लोळतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळें त्या सुया सुटत नाहींत. जगांत या माशाच्या तीसेक जाती आहेत आणि त्यांस आसरा देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या अवघ्या दहाएक.

दुपारीं पाहिलेला खंदक आमच्या डोळ्यांपुढें होताच. परंतु नुसत्या दुर्गमतेनें गड राखला जात नाहीं, हें १२९६ सालीं देवगिरीनेंच दाखविलें. कोठारांतल्या पोत्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें अशी कथा आहे. समुद्रपुष्पासही शिबंदी लागते. त्याचे तंतू कुरतडणारे मासे येतांच हा एवढासा विदूषक त्यांच्या अंगावर धांवून जातो. त्याच्या परांच्या हालचालीनें समुद्रपुष्पास ताजें पाणी मिळतें आणि त्याच्या विष्ठेंतून पोषणही.

आतां कुटुंबाकडे वळूं. एका समुद्रपुष्पांत बहुधा एकच बिऱ्हाड. सर्वांत मोठी ती मादी. घरची कर्ती तीच. तिच्याहून लहान तिचा नर, आणि त्याखालीं उतरत्या क्रमानें दोनचार धाकटे. हे धाकटे मात्र त्या जोडप्याचीं पोरें नव्हेत! अंड्यांची राखण नर करतो, परांनीं त्यांना वारा घालावा तसें पाणी घालतो. पण आठवड्या-दीड आठवड्यानें रात्रीं पिलें बाहेर पडतात तीं प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि दहापंधरा दिवसांनीं मिळेल त्या परक्या घरांत शिरतात. तेथें मुक्काम हवा तर वडिलांहून मोठें व्हावयाचें नाहीं, असा दंडक. जो बरोबरीस येऊं पाहील त्यास बाहेर हांकलतात, आणि बाहेर मरण टपलेलेंच असतें. म्हणून हा धाकटा आपली वाढच आंवरून धरतो. २०२३ सालीं पापुआ न्यू गिनीजवळ समुद्र अतोनात तापला तेव्हां अभ्यासकांनीं १३४ मासे वरचेवर मोजले. त्यांतील बहुतेक लांबीनें चक्क आखूड झाले, आणि जे आखूड झाले ते अधिक जगले.

कर्ती मेली म्हणजे? मग तिचा नर स्वतःच मादी होतो, आणि धाकट्यांत जो थोरला तो नर होतो. हें आम्हीं जेवतांना सांगितलें तेव्हां भाच्यांच्या आजींनीं “अगबाई!” म्हणून पदर तोंडास लावला, आणि मग आमच्या मेव्हण्यांकडे पाहून बराच वेळ हंसत राहिल्या.

तेव्हां भाचेरावांना आम्हीं सांगितलें तें इतकेंच: याच्याहून लहान असा एक मासा आणा, हा कांहीं महिन्यांत मादी होईल. मात्र तो समुद्रांतून धरलेला नसावा, पेटींत जन्मलेला असावा. खडकावरून एक कर्ती उचलली कीं मागचें घर पुन्हां लागेपर्यंत कित्येक महिने तेथें अंडें पडत नाहीं. आपल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनें या माशांची पैदास हौदांत करून दाखविली आहे, त्यामुळें असा आग्रह धरणें अवघड नाहीं. दुकानदारानें प्रथम कांकूं केलें. भाच्यांनीं तीन खेपा घातल्या.

परवां त्यांचें पत्र आलें. नवा मासा पेटींत सोडला त्या दिवशीं थोरल्यानें त्यास चारही कोपऱ्यांत पळविलें. चौथ्या दिवसापासून दोघे फुटक्या मडक्याखालीं शेजारीं निजतात. धाकटा फार वाढत तर नाहीं ना, हें भाचेराव रोज सकाळीं काचेस फूटपट्टी लावून पाहतात.