टाकून देणं म्हणजे त्याग नव्हे



दशलक्षण पर्वात आपण उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य यांवर प्रवचनं ऐकतो. दिवाळीच्या आत घरातल्या दुरुस्त होण्याजोग्या वस्तू एक्स्चेंजमध्ये देऊन नव्या आणतो, आणि वर म्हणतो, "तेवढाच परिग्रह कमी झाला." मला हे मान्य नाही. जुनी गेली आणि त्याच जागी नवी आली, तर कमी काय झालं? वहीतली जुनी नोंद खोडून तिथेच मोठी रक्कम लिहिली, एवढंच.

आमच्या घरातलं उदाहरण देते. भक्तामर, प्रवचनं आणि यांची नाट्यगीतं ज्यावर लागतात, तो रिसीव्हर गेल्या वर्षी घूं घूं करू लागला. दुकानदार म्हणाला, "काकू, याचा पार्ट आता येत नाही. इथेच द्या, नव्यावर दोन हजार कमी करतो." नवा अडतीस हजारांचा होता.

"पार्ट येत नाही." मिक्सर, पंखा, टीव्ही, काहीही घेऊन जा, हेच वाक्य ऐकायला मिळतं आणि आपण मान डोलावून पर्स उघडतो. हे वाक्य किती पोकळ आहे ते बघा.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. रिसीव्हरला आत सरळ, एकसारखी वीज लागते. ती सरळ करून घेतली तरी सेकंदाला १०० हिसके देत येते. हे हिसके शोषायला आत दोन मोठे डबे असतात, त्यांना फिल्टर कपॅसिटर म्हणतात. नगरपालिकेचं पाणी थांबत थांबत आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला सारखी धार लागते, तसंच हे. डब्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि रसायनात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. उष्णतेने ते रसायन वर्षानुवर्षं वाळत जातं, टाकी लहान होत जाते, आणि हिसके घूं घूं होऊन स्पीकरमध्ये उतरतात.

म्हणजे बिघडले दोन डबे, आणि आपण टाकणार सगळं यंत्र. कुकरचं रबर सैल झालं म्हणून कुकर टाकतो का? कल्हई गेली म्हणून आपल्या सासवांनी पितळी पातेली फेकली का?

आता "येत नाही"चं बघू. आमच्या डब्यांवर १०,००० मायक्रोफॅरड, ७१ व्होल्ट असं लिहिलं होतं. ७१ व्होल्टचा डबा बाजारात सहसा मिळत नाही हे खरं. पण व्होल्टचा आकडा म्हणजे सोसण्याची मर्यादा. ८० व्होल्टचा डबा तिथे खुशाल चालतो. दुकानदाराने फक्त तोच आकडा शोधला आणि हात वर केले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हे लिहून न्या:

– आधी रिसीव्हरला जोडलेली बाकी यंत्रं काढून बघा. घूं थांबली तर दोष जोडणीत आहे, कपॅसिटरमध्ये नाही.
– मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त. फार जास्त नको, यंत्र चालू करताना आतल्या रेक्टिफायरवर ताण येतो.
– व्होल्ट तेवढे किंवा जास्त, कमी कधीच नाही.
– जुन्यावर ८५ अंश लिहिलं असेल तर १०५ अंशांचा मागा, तो जास्त टिकतो.
– डब्याची जाडी, उंची आणि खालच्या पिनांमधलं अंतर मोजून घ्या.
– दोन्ही डबे एकदमच बदला.

स्वतः झाकण उघडू नका. प्लग काढला तरी डब्यात वीज साठलेली राहते, आणि डबा उलटा बसला तर फुटतो. ते काम जाणकाराचंच.

भाग मिळतात कुठे? पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. माउसर, डिजी-की, एलिमेंट १४ यांच्याकडून मागवले तर घरपोच येतात. बनावट मालही असतो, मोठ्या डब्यात छोटा डबा घातलेला, म्हणून मेकॅनिककडून मीटरवर मोजून घ्या. आमचा खर्च मजुरीसकट दोन हजार शंभर झाला. छत्तीस हजारांतून वजा करून बघा.

पण मुद्दा पैशाचाच नाही. श्रावकाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडविरती आहे, म्हणजे विनाकारण होणारी हिंसा टाळणं. गरज नसताना जमीन खोदणं त्यातच मोडतं. ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून येतं, आणि बॉक्साइटच्या खाणी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहेत. पाणी गाळून पिणाऱ्या, कंदमुळं वर्ज्य करणाऱ्या आपण पृथ्वीकाय जीवांचा हा हिशोब कुठे मांडतो?

कुणी म्हणेल, जुन्याला कवटाळणं हीही आसक्तीच. तत्त्वार्थसूत्रानेही परिग्रह मोजला आहे तो मूर्च्छेने, वस्तूंच्या संख्येने नाही. अगदी बरोबर! माळ्यावर तीन बंद मिक्सर साठवायला मी सांगत नाही. जे दुरुस्तच होणार नाही ते अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. पण रोजच्या वापरातली वस्तू नव्याच्या चमकेसाठी काढून टाकणं हीसुद्धा मूर्च्छाच, आणि महागडी.

सरकारलाही हे पटलं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. पण आपण दुरुस्ती मागितलीच नाही, तर पोर्टल काय करणार?

आणखी एक, थोडं टोचेल असं. शोरूममध्ये लिहिलेली किंमत आपण निमूट देतो, आणि दुरुस्तीवाल्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. मग त्याचा मुलगा तो धंदा कशाला करेल? पुढच्या मंडळाच्या सभेला प्रत्येकीने आपल्या भागातल्या एका चांगल्या दुरुस्तीवाल्याचं नाव आणावं. यादी करू, सगळ्यांना वाटू. आणि त्याने सांगितलेली मजुरी पूर्ण देऊ.