लॉजवाल्यांनो, रंगाआधी मीटर

शहाडात लॉज चालवणारे आपले बांधव मे महिन्यात खोल्यांना रंग काढतात. गिऱ्हाईक खूष होते, हे खरे. पण उल्हास नदी रंग पाहत नाही. 26 जुलै 2005 च्या पुराने कल्याण परिसरातल्या घरादुकानांत पाणी घातले. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजाराच्या आसपास मुसाफिर बाहेर काढावे लागले. तीच नदी पुढे आपल्याकडे येते.

माझे मत असे, की रंगाचा पैसा आधी विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप वर घेण्यात घाला. मीटरसाठी वीज कंपनीकडे अर्ज लागतो, म्हणून एप्रिलमध्येच हालचाल करा. जूनपासून तळमजल्यावर गाद्या रचू नका. मी कापडाचा माणूस. भिजलेला तागा धुऊन, सुकवून कमी भावात तरी जातो. पुरात भिजलेली कापसाची गादी फेकावीच लागते. विम्याच्या कागदात आगीबरोबर पूरही लिहिला आहे का, तेवढे वाचून घ्या.

आणि गाड्या बंद पडल्या की उल्हासनगरच्या बाजाराला आलेला व्यापारी भिजत दारात उभा राहतो. अशा रात्री एका लॉजवाल्याने माझ्याकडून दुप्पट भाडे घेतले होते. पुन्हा त्याची पायरी मी चढलो नाही.