चाळिशीतले प्यादे

वाईट बुद्धिबळ खेळणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारचा माणूस वीस वर्षे एकाच ठरावीक पद्धतीने हरतो, हरल्यावर पान जमवतो आणि स्वस्थ झोपतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपला खेळ सुधारावा असे वाटू लागते, आणि त्याच्या सुखाचा तेथेच शेवट होतो. वर्षभर या सदरातून मी म्हणी, शुद्धलेखन आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका यांविषयी लिहीत असतो. आज दिवाळीच्या निमित्ताने या दुसऱ्या प्रकाराची कैफियत मांडतो. माझे वय सत्तेचाळीस आहे आणि हा छंद मागे लागून सहा वर्षे झाली.

आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच गावी लागतो. मराठीच्या प्राध्यापकाला छाती फुगवायला एवढे पुष्कळ झाले. पण त्या वऱ्हाडातून माझ्यासाठी बुद्धिबळाचा गुरू काही मागे राहिला नाही. मी शिकलो तो आजोबांच्या पटावर, ओसरीत. तो खेळ देशी पद्धतीचा. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरके, राजाला एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा असे, आणि प्यादे पलीकडच्या टोकाला पोचले की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल ते मोहरे होई. डाव दोघांचा आणि सल्ला दहांचा! खेळी सुचली नाही तर आजोबा जेवून, वामकुक्षी करून परत येत आणि मग उंट हलवीत. स्पर्धेच्या खेळात घड्याळ शेजारी बसलेले असते आणि ते जेवायला सोडत नाही.

अशा तयारीनिशी मी सकाळच्या एस.टी.ने अकोल्याला स्पर्धेला जातो. सभागृहात बहुसंख्य खेळाडूंच्या गळ्यात पाण्याची बाटली आणि पाठीमागे आई असते. गेल्या खेपेला माझ्यासमोर जो गृहस्थ बसला होता त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दीड तासाने त्याने मला मात दिली, नम्रपणे हात पुढे केला आणि म्हणाला, “काका, अठराव्या खेळीला तुम्ही घोडा मागे नेला नसता ना, तर मला अवघड होतं.” एवढे बोलून त्याने सगळी मोहरी भराभर त्या अठराव्या खेळीवर परत मांडून दाखवली. मला तर आठवी खेळीही आठवत नव्हती.

या खेळात आणखी एक निष्ठुर सोय आहे. तिला मानांकन म्हणतात. हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या अर्पाड एलो नावाच्या प्राध्यापकांनी ती पद्धत बसवली आणि १९७० मध्ये जागतिक संघटनेने, म्हणजे ‘फिडे’ने, ती स्वीकारली. तिचा हिशेब सरळ आहे. समोरचा तुमच्यापेक्षा दोनशेने वरचढ असेल, तर चार डावांत मिळून तुम्हाला साधारण एक गुण मिळेल असे ती आधीच सांगून ठेवते. २०२४ साली या यादीची तळरेषा १४०० वर आणली गेली. तिच्या खाली गेले की यादीतून नाव जाते. मी या रेषेच्या किंचित वर, विहिरीच्या काठावर बसावे तसा बसलेला आहे. आयुष्यात कुणी मला कवी म्हटले नाही, समीक्षक म्हटले नाही. एका यादीत नाव आहे ते असे हालत असते.

आमच्या घरात याबद्दल मतभेद आहेत. “अहो, पोराने गणितात दोन मार्क घालवले तर तुम्ही घर डोक्यावर घेता,” सौ. एकदा म्हणाली, “आणि स्वतः महिन्यातले दोन रविवार हरायला म्हणून अकोल्याला जाता. या वयात तुम्ही चँपियन का होणार आहात? मग हे कशासाठी?” मी ‘मनाला व्यायाम’ असे काहीतरी पुटपुटलो. ते तिला पटले नाही, आणि खरे म्हणजे मलाही पुरेसे वाटले नाही. ‘कशासाठी?’ हा प्रश्न चाळिशीनंतर एकट्या बुद्धिबळापुरता राहत नाही. पटावरची सारी मोहरी वाटल्यास मागे येऊ शकतात. प्यादे तेवढे मागे येत नाही. तशी आपलीही पुढची घरे मोजकी उरलेली असतात. ती या असल्या गोष्टीत खर्चावीत काय?

उत्तराचा पहिला धागा मला त्या पाय न टेकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याने दिला. त्याला तो डाव आठवला कसा? डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रूट यांनी या कोड्याचा अभ्यास केला होता. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट सायमन आणि (आडनाव पाहा!) विल्यम चेस यांनी तो पुढे नेला. खऱ्या डावातली मांडणी त्यांनी पाच सेकंद दाखवली. तरबेज खेळाडूने बहुतेक मोहरी जागच्या जागी लावली, नवख्याला चार-पाचच जमली. नंतर तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली, तेव्हा तरबेजाचे पारडे जवळजवळ नवख्याच्या बरोबरीला आले! म्हणजे त्याची स्मरणशक्ती दांडगी नव्हती. त्याला त्या मांडणीचा अर्थ लागत होता. आपण ‘पावसाळा’ हा शब्द अक्षर अक्षर लावून वाचत नाही, तसे तो पट वाचत होता. तो दहा वर्षांचा मुलगा ही भाषा मातृभाषेसारखी बोलतो. मी ती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकतो आहे.

हे कळल्यावर मी शिकण्याची रीत बदलली. पूर्वी मी कोडी सोडवीत असे. कोड्यांची आपली परंपराही जुनी. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या ‘विलासमणिमंजरी’तील डावपेच मुंबईत १८१४ सालीच इंग्रजीत छापले गेले. पण कोड्यात ‘येथे उत्तर आहे’ असे कुणीतरी सांगितलेले असते. खऱ्या डावात असे कोण सांगतो? म्हणून आता मी वहीत लिहून आणलेला स्वतःचा डाव रात्री पुन्हा मांडतो. संगणकाला विचारण्याआधी प्रत्येक खेळीशी माझा त्या वेळचा विचार लिहितो. उत्तरपत्रिका तपासायची सवय आहेच; फक्त विद्यार्थी बदलला. मानांकन त्याने फारसे हलले नाही. मात्र दुसरे काहीतरी झाले, आणि ते मला २८ जुलै २०२५ रोजी समजले.

त्या दिवशी जॉर्जियातील बाटुमी गावी महिलांच्या विश्वचषकाचा निकाल लागायचा होता. एका बाजूला आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय एकोणीस. दुसऱ्या बाजूला कोनेरू हम्पी, वय अडतीस. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले होते. आता जलद डाव होते. घरातली मंडळी फोनभोवती जमून नागपूरकरणीचा जयजयकार करीत होती. पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्यात घड्याळ जसजसे संपत आले तसतशी माझी बोलती बंद झाली. सहा वर्षांपूर्वी मी फक्त चेहरे पाहिले असते. आता हम्पी थबकली की ती कशापाशी थबकली आहे ते थोडेबहुत दिसत होते. दिव्या जिंकली, विश्वचषकाबरोबर ग्रँडमास्टर झाली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. आमच्याकडे पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला, पण डोळ्यांपुढे हम्पीही होती. ती २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता! तरीही ती त्याच पटाशी, त्याच एकाग्रतेने, एका नव्या पिढीसमोर बसली होती.

सौ.च्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. मी वर्गात दरसाल शेकडो मुलांना कविता शिकवतो. त्यांतले कवी किती होतात? पण एखाद्याला ओळ वाचता वाचता थांबावेसे वाटले, तर माझा तास फुकट गेला असे मी म्हणत नाही. खेळाचेही तसेच असावे. आपण खेळून खेळून खेळाडू होऊ न होऊ, निदान चांगल्या डावाचे वाचक तरी होतो. मी हे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “मग वाचाल तेवढ्यासाठी अकोल्याला कशाला जायला हवं?” यावर माझे उत्तर असे, की स्वतः चार ओळी जुळवताना ज्याला घाम फुटला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या कवितेची खरी किंमत कळते. तिने पुढचे काही विचारले नाही. रविवारचा डबा मात्र भरून दिला.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळ झाल्यावर माळ्यावरचा पट खाली काढा. एखादे प्यादे हरवले असेल तर त्या जागी शर्टाचे बटण चालते. नातवाशी, पुतणीशी, शेजाऱ्यांशी खेळा. बहुधा हराल. पण हरल्यावर मोहरी लगेच डब्यात भरू नका. समोरच्या चिमुरड्याला विचारा, “बाळ, माझा डाव कुठे बिघडला रे?” तो आनंदाने सांगेल, आणि बहुतेक त्याचे बरोबर असेल.