मुदत संपली, माहिती मात्र तिथेच

हापूसचा हंगाम पहिल्या पावसाबरोबर आटोपतो. त्याआधीचे तीन-चार महिने रत्नागिरीतल्या बागायतदारांच्या संकेतस्थळांवर मुंबई-पुण्यापासून आखाती देशांपर्यंतचे गिऱ्हाईक येत असते. पेटीचा भाव बघते, पत्ता अर्धा भरते आणि पुष्कळदा काहीच न घेता निघून जाते. जूनमध्ये बागेत शुकशुकाट होतो. पण संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये ही मंडळी अजून बसलेलीच असू शकतात. त्यांना तिथून उठवायचे कोणी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा. आंब्याच्या पेटीपेक्षाही दवाखान्यांच्या ऑनलाइन नोंदणीबाबत तो अधिक गंभीर आहे.

वेबच्या मूळ रचनेला स्मरणशक्ती नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. त्यावर नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीचा तोडगा काढला. ब्राउझरला एक क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाची नोंद सर्व्हरवर ठेवायची, ही आजची रूढ पद्धत. या नोंदीला सेशन म्हणतात. रुग्णालयात केसपेपरचा नंबर दाखवला की पुढचा विभाग रुग्णाला ओळखतो, तसेच हे.

या नोंदीला मुदत असते. मुदत संपली की ती पुसली जाते, असा अनेकांचा समज असतो. पण मुदत संपणे वेगळे आणि पुसले जाणे वेगळे. ‘जँगो’ या लोकप्रिय प्रणालीत सेशनची मुदत दोन आठवडे धरलेली असते. ती संपल्यावर नोंद निकामी होते, मात्र डेटाबेसमधली ओळ जागेवरच राहते. ती काढण्यासाठी वेगळी आज्ञा आहे आणि ती रोज चालेल अशी व्यवस्था संकेतस्थळ चालवणाऱ्याने करायची असते. ‘पीएचपी’च्या मूळ मांडणीत मुदत २४ मिनिटांची असते, पण सफाई होते ती साधारण शंभरातल्या एखाद्या भेटीच्या वेळी, तीही योगायोगाने. म्हणजे पावसाळ्यात गिऱ्हाईक नसले की झाडूही थांबतो. भरीस भर म्हणून सर्च इंजिनांचे यांत्रिक पाहुणे सहसा कुकी सांभाळत नाहीत. प्रत्येक पाहुण्यासाठी सेशन उघडणाऱ्या संकेतस्थळावर त्यांच्या दर फेरीला नवी ओळ पडते.

संकेतस्थळ मंदावते, बॅकअप फुगतो, हा तोटा झाला पैशांचा. खरा धोका माहितीचा आहे. रुग्णालयाच्या अर्जात निवडलेला विभाग, मोबाइल क्रमांक, लिहिलेली तक्रार हे सगळे अर्ज पूर्ण होईपर्यंत अनेकदा सेशनमध्येच साठवले जाते. मानसोपचार, क्षयरोग, स्त्रीरोग अशा विभागापर्यंत जाऊन कोणी धीर न झाल्याने मागे फिरले असेल, तर त्या माघारीचीही नोंद उरते. रत्नागिरीसारख्या गावात चार माणसांपैकी एक ओळखीचा निघतोच. तिथे अशी यादी बाहेर पडली, तर भीतीने उपचारच टाळले जातील. गोपनीयता हाही उपचाराचाच भाग आहे.

जिवंत सेशनची गोष्ट आणखी नाजूक. तो क्रमांक म्हणजे किल्लीच. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने अशाच स्वरूपाच्या डिजिटल किल्ल्या चोरीला गेल्याचे जाहीर केले आणि खबरदारी म्हणून सुमारे नऊ कोटी खात्यांच्या किल्ल्या रद्द केल्या. चोराला पासवर्डची गरजच पडली नव्हती. महिनोन्‌महिने चालणारे सेशन सोयीचे वाटते. प्रत्यक्षात ते दाराला लावून ठेवलेली किल्ली असते.

‘कायद्याने नोंदी ठेवाव्याच लागतात’ हा आक्षेप खरा आहे, पण अर्धा. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणेच्या लॉग-नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ सांगतो की उद्देश संपला की वैयक्तिक माहिती पुसावी. दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे बंधनकारक असेल तेवढाच अपवाद. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत काही माहिती आणि लॉग किमान वर्षभर ठेवण्याचीही तरतूद आहे. मात्र कोण, केव्हा आले याची लॉग-नोंद वेगळी आणि अर्धवट अर्जासकट चालू तक्त्यात पडलेले सेशन वेगळे. जे ठेवणे भाग आहे ते मोजके, स्वतंत्र आणि कुलूपबंद असावे. त्यालाही शेवटची तारीख असावी. हंगामात किती लोक आले हे कळायला आकडा पुरतो, प्रत्येकाचा पत्ता लागत नाही.

उपाय महागडा नाही. मुदतीच्या रकान्याला इंडेक्स द्यावा. रोज मध्यरात्रीनंतर मुदतबाह्य ओळी थोड्या थोड्या करून काढाव्यात. लाखो ओळी एका दमात काढल्या तर संकेतस्थळच अडकू शकते. आजाराचा तपशील सेशनमध्ये साठवूच नये. जुने बॅकअपही ठरलेल्या तारखेला नष्ट व्हावेत, नाहीतर पुढून झाडलेले मागच्या दाराने परत येते.

हे काम कोणाचे, हे मात्र करारातच लिहिले पाहिजे. संकेतस्थळ बनवून घेताना रंग, फोटो आणि दर यांवर तासन्‌तास घासाघीस होते. सफाईचे कलम कागदावर येतच नाही. रुग्णालयांनी, लॅबनी आणि बागायतदारांनी बनवणाऱ्याला तीनच प्रश्न विचारावेत: सेशनमध्ये काय साठते, ते केव्हा पुसले जाते आणि ते पुसले गेले हे कोण तपासते? कोकणात आगोटीआधी पन्हळी साफ करतात. पाऊस सुरू झाल्यावर शिडी लावण्यात अर्थ नसतो, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही.